अंगण, कुरण, भोंगा आणि घर

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की काही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. स्थापनेची तारीख, पहिल्या वर्गाचा पिवळा पडलेला फोटो, जागा देणाऱ्या दात्याचे नाव, कोनशिलेला आलेले पाहुणे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचे जे काम चालते, त्याच्याकडे यातले काहीच नाही. गट साधन केंद्रातली एखादी खोली, खोलीत लोखंडी कपाट, कपाटावर आता कोणाच्याच मापाचे न उरलेले कॅलिपर आणि दुचाकीवर पाडे पालथे घालणारे मोजके विशेष शिक्षक, एवढीच त्याची स्थावर-जंगम मालमत्ता. या कामाला संस्था म्हणावे का, असेही कोणी विचारील. मी म्हणतो. कारण त्याला परंपरा आहे, आणि ती सर्व शिक्षा अभियानाच्या फायलीपेक्षा बरीच जुनी आहे.

आधी मुंबईकडे पाहू, कारण या भागात जे येते ते बहुधा तिकडून येते. माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ साली निघाली. देशातली ती पहिली. अंध मुलांसाठी १९०० साली, आज कमला मेहता यांच्या नावाने चालणारी दादरची शाळा सुरू झाली. १९४४ साली वकील दांपत्याने जय वकील शाळा काढली, १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी. या शेवटच्या दोन्ही संस्थांच्या मुळाशी आईबापांना स्वतःच्या मुलीची लागलेली काळजी होती. याच काळात उलट दिशेचा एक प्रवासही सुरू होता. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसाचेही गेले. पाणी शंभर किलोमीटर नेण्याची विद्या सव्वाशे वर्षांपूर्वी साधली होती. विशेष शिक्षिका तेवढेच अंतर उलटे कापून डोळखांबच्या पुढच्या पाड्यावर पोचायला मात्र एकविसावे शतक उजाडले. काळजी करणारे आईबाप इथेही होतेच. पण भातलावणीच्या किंवा वीटभट्टीच्या मजुरीवर जगणारी आई संस्था कुठून काढणार?

आमची खरी वंशावळ मुंबईच्या शाळांपर्यंत जात नाही, ती बोर्डीला जाते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलुखात गेले. तिथे मुले सकाळपासून गुरांमागे असत. मग कुरणशाळा निघाली; गुरे जिथे चरतील तिथे वर्ग. थोरल्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून ती शाळा बुडवते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. ताराबाईंची रीत अशी की मूल का येत नाही ते आधी शोधायचे, आणि जिथे कारण सापडेल तिथे शाळा नेऊन बसवायची.

बोर्डी-कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले तोवर शहापूर, मुरबाड आणि डहाणू एकाच जिल्हा परिषदेत होते, १ मे १९६२ ला ती स्थापन झाल्यापासून. त्यामुळे या वारशावर आमचा हक्क सांगायला संकोचाचे कारण नाही. या रीतीचा पुढचा दुवाही याच जिल्ह्यातला. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर या मुलांची नावे राहतात आणि मुले भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे झोपडीत. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा भरवल्या. आणि जव्हारला, १९७२ पासून वसंतराव पटवर्धनांनी उभ्या केलेल्या प्रगती प्रतिष्ठानने, ऐंशीच्या दशकात आदिवासी मूकबधिर मुलांसाठी निवासी शाळा काढली. ज्या मुलाला घरी केवळ हाताने हाकारले जाई, त्याला तिथे पहिल्यांदा कोणी बोलायला शिकवू लागले. शहापूरच्या उत्तरेकडल्या गावांना जव्हार-मोखाडा परके नाही, पण मुरबाडला ते फार लांब.

या दोन तालुक्यांचा भूगोल समजल्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही. शहापूरला रेल्वे आहे. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते आणि नाशिक महामार्गही आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच काय तो कणा. २०११ च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या तीन लाखांवर आणि मुरबाडची दोन लाखांच्या आत होती. पण माणसे दाट वस्तीने राहत नाहीत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे टेकड्यांच्या कुशीत विखुरलेले. किन्हवली, शेणवा, सरळगाव, धसई, टोकावडे ही बाजाराची गावे सोडली की पुढे जीप, मग पायवाट. पावसाळ्यात ओढा भरला की पायवाटही नाही. बाळंतपणाच्या वेळी झालेला उशीर, जन्मल्यावर न रडलेले बाळ, डोक्यात गेलेला ताप: मेंदूचा पक्षाघात झालेल्या अनेक मुलांच्या कहाण्या याच वाटेवर सुरू होतात. घरातले सांगतात, ‘उशिरा रडला’. आणि मग भगताकडे काय काय केले, ते सांगतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. बोलावल्याबरोबर घरी येणारा आणि मुलाला हात लावून पाहणारा तेवढा एकच माणूस होता.

मग शिबिरांचा काळ आला. मुंबई-ठाण्याच्या सेवाभावी संस्था, क्लब, ट्रस्ट रविवारी गाड्या भरून येत. तालुक्याच्या गावी मंडप पडे, मापे घेतली जात, काही महिन्यांनी साहित्य येई, फोटो निघत. या माणसांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, आणि त्यांनी दिलेल्या तीनचाकी सायकलींवर काही मुले खरोखरच शाळेत गेली. पण मोजमाप आणि वाटप यांच्यामध्ये मूल वाढत असते, हे मंडपात कोणाच्या ध्यानात येत नसे. डिसेंबरात माप घेतलेले कॅलिपर जूनमध्ये पायात जाईना. चाकाची खुर्ची शहरातल्या फरशीसाठी बनलेली; पाड्यावरच्या चढावर ती दोन पावले चालत नाही, आणि मग तिच्यावर कपडे वाळतात. कानयंत्र तर त्याहून नाजूक. पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत ते बंद पडते, बॅटरी संपली तर बहुधा कल्याण गाठावे लागते, आणि यंत्र कानात घातल्याबरोबर मूल बोलू लागेल अशी आशा धरून बसलेली आई आठवड्याभरात ते डब्यात ठेवून देते. आवाज ऐकू येणे आणि त्याचा अर्थ लागणे यांच्यामध्ये महिनोन् महिन्यांचा सराव असतो. तो सराव घेणारे माणूस रविवारच्या गाडीबरोबर संध्याकाळी परत गेलेले असे.

शिबिरांनी एक मोठे काम मात्र केले. घरात आतल्या अंगाला ठेवलेली मुले पहिल्यांदा चारचौघांत आली. तालुक्यात अशी मुले किती, कुठे, याचा अंदाज येऊ लागला. पुढे ज्यांनी नोंदी केल्या त्यांना याचा उपयोग झाला.

कायद्यांची मालिका थोडक्यात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचे वचन दिले. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाने कोणत्याही मुलाला शाळेने परत पाठवायचे नाही असे ठरवले. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासू लागली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांना नाव मिळाले. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली. आमच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट एकच: तालुक्याला विशेष शिक्षक मिळाले, आणि त्यांच्या कामात गृहभेट अधिकृतपणे धरली गेली. कोसबाडच्या कुरणातली रीत सरकारी दौरापत्रकात आली. कोणी ठरवून आणली असे मला वाटत नाही, पण आली.

गृहभेटीत घडते काय, ते जवळून पाहिल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. कुडाच्या भिंतींचे घर, शेणाने सारवलेली ओसरी. सात-आठ वर्षांचा मुलगा गोधडीवर आडवा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर ताठ, मान मागे. आजी त्याला आडवेच ठेवून तांदळाची पेज भरवते. तो ठसकतो, अर्धी पेज बाहेर येते, आणि जेवण तासभर चालते. शिक्षिका पुस्तक काढत नाही. ती आधी हात धुऊन खाली बसते, गोधडीची घट्ट वळकटी करून मुलाच्या गुडघ्यांमध्ये ठेवते, पाठ भिंतीच्या कोपऱ्याला टेकवते, हनुवटी किंचित खाली आणते. पेज घट्ट करायला सांगते. चमचा वरून ओतायचा नाही, समोरून, ओठांच्या उंचीवर आणायचा; घोट गिळला की पुढचा. पहिल्या चार घासांत ठसका कमी झालेला आजीला स्वतःला दिसतो, आणि तिथून ती शिक्षिकेचे बाकीचे ऐकू लागते. पुढच्या खेपेला पाय कापून बुटकी केलेली प्लास्टिकची खुर्ची येते. पुढे फळी, मांडीवर पट्टा. मूल बसले की त्याचे डोळे घरभर फिरू लागतात. मग फळीवर चिंचोके, दोन चित्रे, एक पाण्याच्या हंड्याचे आणि एक शेळीचे. विचारायचे आणि थांबायचे. थांबणे सगळ्यात अवघड, कारण घरातले सगळे त्याच्या वतीने उत्तर द्यायला टपलेले असतात. त्याची नजर हंड्याकडे वळली, की पाणी. त्याने घरात पहिल्यांदा मागून काहीतरी मिळवलेले असते.

कापलेल्या खुर्चीची कल्पना आमच्याकडे उपजली असा दावा कोणी करू नये. मेक्सिकोतल्या अहोया या डोंगरी खेड्यात अपंग कामगारांनीच चालवलेल्या केंद्राच्या अनुभवावरून डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली एक जाडजूड सचित्र पुस्तक काढले, खेड्यातल्या अपंग मुलांसाठी लाकूड, बांबू, टायर यांपासून साधने कशी करावीत याचे. जगभरच्या ग्रामीण कार्यकर्त्यांनी ते वापरले. मुंबईत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्तींनी सुरू केलेल्या उम्मीदसारख्या संस्थेनेही वस्तीतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यावर भर दिला, कारण तज्ज्ञ मोजके आणि मुले पुष्कळ. सेवाभावी कामाची चांगली बाजू मला इथे दिसते. शहरातला थेरपिस्ट महिन्यातून एकदा येऊन स्वतःच मुलाला हाताळून गेला, तर ते शिबिरच. त्याने अंगणवाडीताईला, आशाताईला, आजीला हात धरून शिकवले, तर तो नसतानाही रोज थेरपी होते. या भागात जी मदत टिकली ती दुसऱ्या प्रकारची होती.

एक कडू गोष्टही नोंदवायला हवी. विशेष गरजांच्या यादीतली काही मुले त्या यादीत असायलाच नको होती. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी. त्यात दिवाळीनंतर सहा महिने भट्टीवर, आणि पोट अर्धवट भरलेले. अशा चौथीतल्या मुलाला वाचता आले नाही की त्याच्या नावापुढे ‘मंद’ किंवा नव्या भाषेत ‘अध्ययन अक्षम’ लिहून मोकळे होण्याचा मोह कोणत्याही शाळेला पडतो, कारण मग दोष शिकवण्याचा राहत नाही. जाणती विशेष शिक्षिका अशा मुलाशी आधी त्याच्या बोलीत गप्पा मारते, त्याला शेळ्या मोजायला लावते, गोष्ट सांगायला लावते. तो सरळ हिशेब करतो, गोष्टीत रंग भरतो. मग ती नाव खोडते. उलटेही घडते: शेवटच्या बाकावर गप्प बसणारी, ‘लाजाळू’ म्हणून पुढे ढकललेली मुलगी, आणि तपासले तर दोन्ही कान वाहून वाहून निकामी होत आलेले. खोडलेली आणि नव्याने लिहिलेली नावे अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. माझ्या लेखी या संस्थेच्या इतिहासातले सगळ्यात प्रामाणिक काम तेच.

प्रमाणपत्राची कथा प्रत्येक घरात आहे. चाळीस टक्के अपंगत्व कागदावर सिद्ध झाल्याशिवाय पुष्कळशा सवलतींचे दार उघडत नाही, आणि तो कागद बराच काळ ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाशी बांधलेला होता. वाशाळ्याच्या बाजूच्या कुटुंबाने पहाटे निघून जीप, एसटी, लोकल असे करत दुपारी रांगेत उभे राहायचे. मूल कडेवर, बरोबर आणखी एक जण, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. तपासणीचा वार चुकला तर पुन्हा तोच प्रवास. समग्र शिक्षेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन आहे, मदतनीस आणि प्रवासभत्ता आहे. रक्कम छोटी आहे, पण भत्ता वेळेवर आला तर आई मुलाला शाळेत पोचवायला आणि तिथे थांबायला तयार होते. तो मार्च उलटून आला तर तिने ते वर्ष मजुरीला जाऊन काढलेले असते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या मुलांच्या वाट्याला दुहेरी टाळेबंदी आली. ऑनलाइन वर्गाची चर्चा शहरात रंगली. इथे रेंजसाठी टेकाडावर चढावे लागे, आणि स्मार्टफोन असलाच तर तो बापाबरोबर कामावर गेलेला. बसायला शिकलेल्या मुलांचे सांधे त्या दीड-दोन वर्षांत पुन्हा आखडले. ज्या घरात आजीने गृहभेटीत शिकलेले चालू ठेवले होते तिथली मुले तेवढी टिकली. शिबिर आणि शिकवणूक यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारा प्रयोग कोणी आखूनही केला नसता.

आणि हे सगळे करणारे शिक्षक स्वतः वर्षानुवर्षे करारावर, मानधनावर. दरवर्षी खंड, दरवर्षी नवा आदेश, पेट्रोल पदरचे. विशेष शिक्षणाची पदविका, पुनर्वास परिषदेची नोंदणी, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव, आणि पद मात्र हंगामी. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये प्रत्येक केंद्राला (शाळांच्या समूहाला) एक याप्रमाणे ४,८६० पदे निर्माण करून करारावरच्या शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय केला. उशिरा झाला, पण शिक्षिका तालुक्याऐवजी केंद्राची होणार हा बदल मोठा आहे. पंधरा दिवसांनी होणारी गृहभेट आठवड्याला होऊ शकते. दहाला एक हे प्रमाण गाठायला मात्र केंद्रामागचे हे एक पद सगळीकडे पुरणार नाही, आणि ते आत्ताच सांगून ठेवलेले बरे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने एका रिकाम्या जागेकडे लक्ष वेधायचे आहे. कायद्याचा हक्क अठरा वर्षांशी थांबतो. अठरा पूर्ण झाले की गट साधन केंद्राच्या नोंदवहीतले त्या मुलाचे पान संपते. मुंबई-ठाण्यात पालकांनी कार्यशाळा काढल्या, निवास उभारले. बदलापूरपर्यंत तशी ठिकाणे आहेत, आणि ती भरलेली आहेत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचा अठरा-वीस वर्षांचा तरुण, ज्याला शाळेने चित्रे दाखवून हवे-नको सांगायला शिकवले, तो आता दिवसभर काय करतो? काही घरांत शेळ्या त्याच्याकडे आहेत, काहींत रोपवाटिकेच्या पिशव्या भरण्याचे काम. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी अशा कामाला वापरता येतो, पण बहुतेक ठिकाणी तो वस्तूवाटपावर खर्ची पडतो. पुढच्या ग्रामसभांत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि नोंदवहीला अठरानंतरची पाने जोडावीत, एवढी सूचना या इतिहासाच्या निमित्ताने दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांपुढे ठेवत आहे.